शब्दाचे शेजारी

"मग काय खोटं शिकवू, बाई?"

तायडेबाईंनी ओल्या तुरीची शेंग अंगठ्यानं फोडली, दाणे परातीत टाकले, टरफल बाजूला ठेवलं.

प्रफुल्ल गावंडे उभाच होता. बाईंनी खुर्ची दाखवली होती, पण रागावलेल्या माणसाला बसवत नाही.

"एकही वाक्य मी मनानं लिहिलेलं नाही. सगळी छापून आलेली आहेत. आणि लोक मलाच ऐकवतात, की मी मुलांचा अपमान केला."

बाईंनी दुसरी शेंग उचलली.

परतवाड्यात तायडेबाई माहीत नाहीत असं घर शोधावं लागेल. हयातभर त्यांनी इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर ओसरीच्या भिंतीचा एक तुकडा काळा रंगवून घेतला. संध्याकाळी आळीतल्या मुली तिथे येऊन बसत. बाईंचा राग गावाला ठाऊक होता. तो मोठ्यानं येत नसे. बाई रागावल्या की हळू बोलू लागत.

प्रफुल्ल त्यांच्या हाताखालून गेलेला. आता तो डॉक्टर गावंडे झाला होता. हैदराबादेत राहून त्यानं इंग्रजीच्या अध्यापनावर पीएच.डी. केली होती, आणि डोंगरातल्या आश्रमशाळांसाठी नववी-दहावीचे शब्दसंग्रहाचे पाठ तयार करायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

काम त्यानं मन लावून केलं. ते कुणी नाकारू नये.

पोरांना वर्षानुवर्षं शब्दांच्या याद्या पाठ करायला लावतात. सफरचंद, राजवाडा, जहाज, दीपगृह. डोंगरातल्या पोरानं दीपगृह पाहिलेलं नसतं आणि पुढंही बहुधा पाहणार नसतं, पण स्पेलिंग चुकलं की छडी ठरलेली. प्रफुल्लला याची चीड होती. त्यानं या भागातली इंग्रजी वर्तमानपत्रं, सरकारी सूचना, प्रश्नपत्रिका, बसस्थानकावरच्या पाट्या, जे हाती लागेल ते संगणकात भरलं. लाखो वाक्यांचा ढीग झाला. याला कॉर्पस म्हणतात, असं तो मास्तरांना समजावून सांगे. मग संगणकाला विचारायचं, की कोणता शब्द जास्त वेळा येतो आणि त्याच्या शेजारी कोण कोण बसलेलं असतं. जे शब्द पोरांना खरोखर भेटणार आहेत तेवढेच शिकवायचे, आणि शिकवायचे ते शेजाऱ्यांसकट.

ही शेजाऱ्यांची गोष्ट मूळची तायडेबाईंची. शब्द एकटा शिकवू नये, त्याचे शेजारी दाखवावेत, असं त्या वर्गात म्हणत. पाऊस मोठा असला तरी इंग्रजीत तो 'बिग' नसतो, 'हेवी' असतो. चहा कडक असला तरी 'हार्ड' नसतो. प्रफुल्लनं बाईंचं ते बोट धरलं आणि संगणकापर्यंत नेलं.

पाठ चालले. जी पोरं 'बिग रेन' लिहीत ती 'हेवी रेन' लिहू लागली. मास्तर खूश, वरिष्ठ खूश. पाठांची पुस्तिका छापून जिल्ह्यातल्या सगळ्या आश्रमशाळांना द्यायचं ठरलं. त्या पुस्तिकेला बाईंचे दोन शब्द हवेत म्हणून प्रफुल्ल आज आला होता.

पण दोन शब्द मागायच्या आधीच त्याचं मन उकळून वर आलं.

झालं होतं असं. डोंगरातल्या एका आश्रमशाळेत त्यानं पाहुण्यांसमोर पाठ घेतला. मोठे साहेब आले होते. हारतुरे, पाण्याच्या बाटल्या, नारळ, सगळं यथासांग. दहावीचा वर्ग. सगळी मुलं कोरकू. त्या दिवसाचा शब्द होता 'ट्रायबल', म्हणजे आदिवासी.

संगणकानंच तो शब्द काढून दिला होता. या भागातल्या इंग्रजी बातम्यांत तो पावलोपावली येतो. त्याचे शेजारीही संगणकानंच दिले. 'पुअर', गरीब. 'इलिटरेट', निरक्षर. 'मॅलनरिश्ड', कुपोषित. प्रफुल्लनं ते फळ्यावर लिहिले. त्याखाली बातम्यांतली वाक्यं लिहिली, प्रत्येकात एक रिकामी जागा ठेवून. आदिवासी मुलीला रुग्णालयात हलवण्यात आलं. आदिवासीला आपले हक्क ठाऊक नव्हते. आदिवासी कुटुंबाला तांदूळ वाटण्यात आला. आदिवासीच्या आधी योग्य विशेषण भरा.

वर्गात आदिवासी मुलं बसली होती. फळ्यावर ती वाक्यं होती. पाहुणे माना डोलवत होते.

त्या खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाच्या घशाखाली पाणी उतरायचं थांबलं नाही.

सुमरती बेठेकर ही वर्गात इंग्रजीत पहिली येणारी मुलगी. मुख्याध्यापकांनी तिलाच उठवलं, साहेबांपुढे शाळेचं नाव निघावं म्हणून. वही धरून ती उभी राहिली आणि स्वच्छ आवाजात तिनं वाचलं. रिकाम्या जागा तिनं बरोबर भरल्या होत्या. फक्त जिथे जिथे आदिवासी मुलगी, आदिवासी किंवा आदिवासी कुटुंब होतं, तिथे तिथे तिनं रेघ मारून 'सर' असं लिहिलं होतं.

"द मॅलनरिश्ड सर वॉज टेकन टू हॉस्पिटल."

"द इलिटरेट सर डिड नॉट नो हिज राइट्स."

"राइस वॉज गिव्हन टू द पुअर सर."

वर्गात हसू फुटलं. पोरं बाकांवर डोकं आपटून हसली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. प्रफुल्लनं तिच्या हातातून वही घेतली, त्यावर भलंमोठं शून्य काढलं आणि सगळ्यांना दिसेल अशी ती वर धरली.

मुख्याध्यापकांनी तिला माफी मागायला सांगितलं. तिनं मागितली नाही. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी तिच्या बापाला बोलावणं धाडलं. बाप आला, हात जोडून उभा राहिला, काय झालं ते त्याला कुणी नीट सांगितलं नाही. संध्याकाळच्या जीपनं तो मुलीला घेऊन गेला. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती.

हे सगळं प्रफुल्लनं बाईंना सांगितलं ते आपल्यावर झालेला अन्याय म्हणून. त्या शाळेतल्या एका तरुण मास्तरानं वर तक्रार केली होती, आणि पुस्तिका छापू नये असं म्हटलं होतं. प्रफुल्लला त्याचा संताप होता. इतक्या वर्षांची मेहनत, आणि एका उद्धट मुलीपायी ती बुडायची वेळ.

बाई शेंगा सोलत ऐकत होत्या. सुमरतीची वाक्यं आली तिथे त्यांचा हात थांबला, तो परत चालला नाही.

"तिचं व्याकरण बरोबर होतं?"

प्रफुल्ल गोंधळला. "...होतं."

"स्पेलिंग?"

"होतं."

"विशेषणं जागेवर?"

"बाई, प्रश्न तो नाही."

"इंग्रजीच्या तासाला इंग्रजी बरोबर आलं. मग शून्य कशाला दिलंस?"

"उद्धटपणाला."

"उद्धटपणाचा पाठ कितवा आहे तुझ्या पुस्तिकेत?"

प्रफुल्ल खुर्चीवर बसला. मग समजावणीच्या सुरात बोलू लागला, जसं तो मास्तरांपुढे बोले. संगणकाला जात नसते, संगणकाला मन नसतं. जग एखादा शब्द कसा वापरतं तेवढंच तो दाखवतो. आपण त्यातलं नको ते वगळायला लागलो, तर तो ढीग खरा राहत नाही, आपल्या आवडीनिवडीचा होतो. आणि उद्या हीच मुलं शहरात जातील, वर्तमानपत्र वाचतील, तेव्हा हीच वाक्यं त्यांच्यासमोर येणार आहेत. आधीच कळलेली काय वाईट? मुलांना कापसात गुंडाळून ठेवणं हाच उलट त्यांचा अपमान आहे.

बोलणं वाईट नव्हतं. त्यात खोट काढणंही सोपं नव्हतं.

बाईंनी पदरानं हात पुसले. त्या उठल्या, कोनाड्यातून खडू घेतला आणि प्रफुल्लच्या हातात दिला.

"उभा राहा."

तो उभा राहिला. इतक्या वर्षांनीही राहिला.

"शब्द घे, गावंडे. मी शेजारी सांगते. तू इंग्रजीत लिही."

प्रफुल्ल हसला. काळ्या भिंतीवर त्यानं वर आपलं आडनाव लिहिलं, सुंदर अक्षरात. अक्षर त्याचं बाईंनीच वळवलेलं.

"गावंडे पुन्हा गणितात नापास."

त्यानं लिहिलं. ते त्याला आठवत होतं. अजूनही हसत होता.

"गावंडेला फळ्याजवळ बोलावू नका, शर्टाचा वास येतो."

खडू थोडा अडखळला. पण भाषांतराची सवय असलेला हात. त्यानं लिहिलं.

"गावंडेच्या बापाला काल पुन्हा नालीतून काढण्यात आलं."

"बाई..."

"लिही. वर्तमानकाळ नको, भूतकाळ घे."

त्यानं लिहिलं.

"गावंडे शिकून काय करणार, गुत्त्यावर ग्लास धुणार. गावंडेच्या डब्याला हात लावू नका. वर्गात काही हरवलं, तर आधी गावंडेचं दप्तर बघा."

बाईंचा आवाज खाली खाली येत होता. शेवटचं वाक्य ऐकायला प्रफुल्लला वाकावं लागलं.

त्याचा हात भिंतीवर थांबला होता. दप्तर तपासल्याचं त्याला आठवत होतं. प्रत्येक वेळी आधी आपलंच तपासायचं असं शिक्षकांच्या खोलीत ठरलेलं होतं, हे त्याला आज कळत होतं.

"हे... कोण बोलायचं?"

"सगळे. मधल्या सुट्टीत. चहा घेताना. मी कोपऱ्यात वह्या तपासत असायची, कानावर यायचं."

"मला कधी सांगितलं नाहीत."

बाईंनी परातीत पडलेलं एक टरफल वेचून बाजूला टाकलं.

"तुम्ही काय म्हणायचात तिथे?"

"तिथे काय म्हणून काय झालं असतं, कोण जाणे. मी वर्गात येऊन तुला पहिल्या बाकावर घेतलं."

प्रफुल्ल भिंतीकडे पाहत राहिला. रांगेनं वाक्यं होती. व्याकरण निर्दोष होतं. प्रत्येकात त्याचं आडनाव होतं आणि त्याच्या शेजारी ते सगळे बसलेले होते.

फाटक वाजलं. संध्याकाळच्या मुली आल्या होत्या. अंगणात चपला काढत होत्या, कुणीतरी कुणाच्या वेणीवरून काहीतरी म्हणत होतं.

प्रफुल्लनं खिशातून रुमाल काढला आणि झटकन भिंत पुसायला लागला. रुमाल पुरेना तसा त्यानं शर्टाच्या बाहीनं पुसलं. इस्त्रीच्या बाहीवर पांढरा पट्टा उमटला.

"पुसतोस काहून?"

तो थांबला नाही.

"खरीच होती की सगळी वाक्यं. एकही मी मनानं रचलं नाही."

"...मुली वाचतील, बाई."

"हो. वाचतील."

मुली ओसरीच्या पायरीशी आल्या आणि पाहुणे दिसले म्हणून घुटमळल्या. बाईंनी त्यांना हातानं बसायला सांगितलं. मग परात उचलून आत जाता जाता प्रफुल्लजवळ थांबल्या.

"वाचायलाच बसतात त्या फळ्यासमोर. तुझी पोरंही त्यासाठीच बसली होती."

त्या दिवशी बाईंनी दोन शब्द लिहून दिले नाहीत. प्रफुल्लनंही मागितले नाहीत.

दोन-तीन दिवस गेले. मग प्रफुल्ल सकाळच्या जीपनं सावरढाण्याला गेला. सुमरतीचं गाव ते. डोंगराच्या कुशीत, सागाच्या झाडीत, शेवटचा चढ पायी चढून जावं लागतं.

मुलगी हरभऱ्याच्या शेतात होती. बापानं सरांना ओळखलं, आणि आता आणखी काय झालं अशा भीतीनं त्यानं धावत खाट आणून टाकली. प्रफुल्लला ती भीती दिसली. आपल्याला पाहून कुणी असं घाबरावं, हे त्याला आवडलं नाही. आणि त्याच क्षणी हेही लक्षात आलं, की परवापर्यंत ते आवडलं असतं.

वाटेत त्यानं मोठं बोलणं जुळवून ठेवलं होतं. परीक्षा जवळ आली आहे, झालं गेलं विसरून जाऊ, शाळेला तुझी गरज आहे, असं काहीबाही. सुमरती शेताच्या बांधावर येऊन उभी राहिली तसं त्यातलं निम्मं तो विसरला. उरलेलं त्यानं बोलून टाकलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "सर, वाक्य चूक होतं का?"

"नाही."

"मग तसं सांगा."

"सांगतो ना. चूक नव्हतं."

"मला नको. जिथे वही वर धरली तिथे सांगा."

बाप तिला गप्प करायला पुढे झाला. प्रफुल्लनं त्याला थांबवलं.

परत जाताना उतारावर त्याला राग आला. कुणाचा ते त्याला ठरवता येईना. दहावीतली एक मुलगी आपल्याला अट घालते, याचा आला. मुख्याध्यापकांचा आला, साहेबांचा आला, त्या दिवशी माना डोलवणाऱ्या सगळ्यांचा आला. त्या सगळ्यांच्या पुढे उभं राहून खडू धरणारा कोण होता, तिथे पोचल्यावर राग पुढे सरकेना.

वर्गात तसं सांगायला मुख्याध्यापकांनी साफ नकार दिला. शिक्षकानं मुलांपुढे माघार घेतली की शिस्त संपते, असं त्यांचं म्हणणं. आज एका मुलीनं सरांना निरक्षर म्हटलं, उद्या सगळी म्हणतील. प्रफुल्ल म्हणाला, की मी स्वतःच म्हणणार आहे.

त्यांचा नकार बाजूला सारून सोमवारी त्यानं दहावीचा वर्ग भरवला. निरोप मिळाल्यावर सुमरती बापाबरोबर आली होती, पण वर्गात शिरली नाही. दाराबाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

प्रफुल्लनं तिची वही उघडली. ज्या जागी उभं राहून त्यानं ती वर धरली होती तिथेच उभा राहिला आणि तीच वाक्यं वाचली. कुपोषित सरांना रुग्णालयात हलवण्यात आलं. निरक्षर सरांना आपले हक्क ठाऊक नव्हते. गरीब सरांना तांदूळ वाटण्यात आला.

पोरं हसली. पहिल्या वाक्याला खूप, दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला कुणी हसलं नाही.

मग त्यानं शून्य खोडलं, तिथे पैकीच्या पैकी गुण दिले, आणि सगळ्यांना दिसेल अशी वही वर धरली. तिचं इंग्रजी बरोबर होतं, माझं शून्य चूक होतं, असं म्हणाला. 

सुमरती आत आली आणि आपल्या जागेवर बसली. मान खाली घालून पेन्सिलीला टोक करू लागली. ती हसलीही नाही, रडलीही नाही. प्रफुल्ल तिच्याकडून कशाची तरी वाट पाहत होता. ते त्याला मिळालं नाही.

अधीक्षकांनी तिला वसतिगृहात परत घेतलं. तोंड वाकडं करूनच, पण घेतलं.

त्यानंतर प्रफुल्लनं पुस्तिका नव्यानं बांधायला घेतली. आदिवासी या शब्दाचा पाठ गाळून टाकावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण तो शब्द पोरांना भेटणारच होता. गाळून कसं चालेल? मग तो त्या ढिगात परत उतरला. संगणकानं वर काढलेली वाक्यं सोडून तळाशी पडलेली शोधू लागला. होती. थोडी होती, पण होती. एकेक वेचून त्यानं नवा पाठ केला. गरीब, निरक्षर, कुपोषित यांच्या जागी गुणवान, कष्टाळू, यशस्वी आले. मुलांना त्रास होईल असं एकही वाक्य ठेवलं नाही.

पुस्तिकेची कच्ची प्रत घेऊन तो बाईंकडे गेला तेव्हा उन्हं चढत होती. या वेळी तो हसतमुख होता. आल्या आल्या पाया पडला. सुमरती परत आल्याचं सांगितलं. बाईंना ते आधीच कळलेलं होतं. परतवाड्यात बातमी जीपच्या आधी पोचते.

"बरं केलंस," बाई म्हणाल्या.

एवढं ऐकून त्याचा चेहरा उजळला. त्यानं प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि नवा पाठ उघडून दिला. सगळं बदललं म्हणाला. मुलांना मान वर करून वाचता येईल असंच घेतलं. आणि हीसुद्धा खरीच वाक्यं आहेत बाई, छापून आलेली, मी रचलेलं यातही काही नाही.

बाईंनी चष्मा लावला.

आदिवासी विद्यार्थिनींना सायकली वाटण्यात आल्या. गुणवान आदिवासी खेळाडूंचा गौरव करण्यात आला. आदिवासी गावात वीज पोचवण्यात आली. कष्टाळू आदिवासी महिलांना शिलाई यंत्रं देण्यात आली.

त्यांनी पान उलटलं नाही. तेच पान परत वाचलं.

"जुना पाठ आहे का रे जवळ?"

प्रफुल्लनं पिशवीत शोधून तो कागद काढला. तो दाखवायला त्याला लाज वाटत होती, पण दिला. बाईंनी दोन्ही पानं मांडीवर शेजारी शेजारी ठेवली. एकीकडे रुग्णालय, हक्क, तांदूळ. दुसरीकडे सायकली, गौरव, वीज.

प्रफुल्ल वाट पाहत होता. या वेळी बाई दोन शब्द लिहून देतील अशी त्याची खात्री होती. त्यानं पेनसुद्धा काढून ठेवलं होतं.

बाईंचं बोट जुन्या पानावरून खाली उतरलं. हलवण्यात आलं. वाटण्यात आला. मग नव्या पानावर गेलं. वाटण्यात आल्या. करण्यात आला. पोचवण्यात आली. देण्यात आली.

बोट खालच्या ओळीवर थांबलं. तिथून ते परत वर गेलं, पहिल्या शब्दापर्यंत, काहीतरी राहून गेलं आहे असं.

"...काही चुकलं का, बाई?"

बाईंनी चष्मा काढला. बोलल्या तेव्हा आवाज इतका खाली आला होता, की प्रफुल्लला पुढे सरकावं लागलं.

"पानं दोन्ही वाचली मी, प्रफुल्ल. यात आदिवासी कर्ता म्हणून कुठे आहे?"